दोन ईसीजी, दोन निष्कर्ष, आणि दोन्ही खरे

प्रश्न थोडक्यात असा. वडील देवगड तालुक्यात राहतात, वय ६८, ब्लडप्रेशरची गोळी बरीच वर्षं चालू. गणपतीत रात्रभर भजनं झाली, पहाटे छातीत फडफड सुरू झाली आणि सकाळी गावातल्या दवाखान्यात ईसीजी काढला तर ‘एट्रियल फिब्रिलेशन’, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडलेला. दोन दिवसांनी कणकवलीत काढलेला ईसीजी ‘नॉर्मल’. जानेवारीत पुन्हा फिब्रिलेशन. दहा दिवसांनी परत काढला तरी तेच, आणि आता फाइलवर ‘परसिस्टंट’ असा शब्द आलाय. मुलगा डोंबिवलीहून विचारतो: गणपतीतलं मशीन चुकलं की कणकवलीतलं? येऊनजाऊन असणाऱ्या आणि मुक्काम ठोकलेल्या फिब्रिलेशनच्या लहरी वेगळ्या दिसतात का? आणि मधूनमधून होतं तेवढ्यासाठी रक्त पातळ करायची गोळी कशाला?

मी पंचवीसेक वर्षं सिंधुदुर्गात फिजिशियन म्हणून काम करतोय. हा प्रश्न दर गणपतीनंतर आणि दर शिमग्यानंतर माझ्या टेबलावर येतो, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

मशीन कोणतंच चुकलेलं नाही. नेहमीचा बारा लीडचा, म्हणजे हृदयाची वीज बारा बाजूंनी टिपणारा, ईसीजी म्हणजे १० सेकंदांची नोंद. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. समजा एखाद्याला आठवड्यातून एकदा दोन तास फिब्रिलेशन होतं. आठवड्याचे तास १६८. म्हणजे मनाला येईल तेव्हा ईसीजी काढला, तर ८४ वेळा काढल्यावर एकदा ते सापडणार. आमच्याकडचा रुग्ण तर फडफड सुरू झाली की आधी घरी पाणी पिऊन पडून राहतो, मग एसटी पकडतो, आणि टेबलावर झोपेपर्यंत सांगतो, “डॉक्टरांनू, आता बरा वाटता, तेव्हा फडफडत होता.” तेव्हाच्या फडफडीचा आता कागद कसा निघणार? तुमच्या वडिलांचा कागद ऐन वेळी निघाला. त्या गावातल्या डॉक्टरांचे आभार माना.

आता कागदावर काय असतं ते बघू. वडिलांचे ईसीजी समोर घेऊन वाचा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, पाच लहान मिळून मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. कणकवलीच्या कागदावर प्रत्येक उंच टोकदार काट्याच्या आधी एक बुटकी, गोल टेकडी दिसेल. ती पी लहर. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधून वीज एकदा नीट पसरली, याची ती खूण. मागचा उंच काटा म्हणजे क्यूआरएस, खालच्या कप्प्यांचा. टेकडी, काटा, टेकडी, काटा, असं समान अंतराने चालू राहतं.

गणपतीच्या कागदावर त्या टेकड्या नाहीशा झालेल्या असतील. दोन काट्यांमधली रेघ सपाट नसून बारीक थरथरती दिसेल. त्यांना एफ लहरी म्हणतात. वरचे कप्पे मिनिटाला साधारण ३५० ते ६०० वेळा नुसते वळवळत असतात. एवढे सगळे निरोप खाली गेले तर माणूस जागेवरच संपेल. पण मध्ये एव्ही नोडचं नाकं आहे, ते बहुतेक निरोप अडवतं आणि काही सोडतं. कोणता सोडेल याचा नेम नाही, म्हणून काटे कसेही पडतात, उपचार नसेल तर बहुधा मिनिटाला १०० ते १६०. डबलबारीची भजनं ऐकून कान तयार झालेल्या माणसाला मी असं सांगतो: पखवाजवाल्याचा एखादा बोल आधी पडला आणि पुढच्या आवर्तनात तो समेवर आला, तर तो नुसता आगाऊ ठोका. फिब्रिलेशनमध्ये समच नसते. पट्टी कुठूनही वाचा, पुढचा काटा कुठे पडेल ते सांगता येत नाही.

अशा पट्टीवर वेग काढताना दोन काट्यांमधलं अंतर मोजून ३०० ला भागण्याची नेहमीची युक्ती चालत नाही. १० सेकंदांच्या पट्टीतले सगळे काटे मोजा आणि ६ ने गुणा. २१ काटे असतील तर वेग १२६.

इतिहासातली एक गंमत इथे सांगण्यासारखी आहे. ईसीजीचे जनक आइंटहोव्हेन यांनी १९०६ साली आपल्या तारेच्या गॅल्व्हानोमीटरवर काढलेल्या नोंदींत अशा नाडीची पट्टी छापली होती. वरच्या कप्प्यांचं फिब्रिलेशन हे तिचं कारण, हे १९०९ मध्ये लंडनला थॉमस ल्युइस यांनी आणि व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी दाखवलं. त्याआधी, १९०३ मध्ये, हेरिंग यांनी या नाडीला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थ होता ‘कायमची अनियमित नाडी’. म्हणजे वैद्यकाने आधी ओळखलं ते मुक्कामी फिब्रिलेशन. येऊनजाऊन असणारं तेव्हाही असणारच. पण डॉक्टर नाडीवर बोट ठेवीपर्यंत ते निघून जायचं. तुमच्या घरात जे झालं, तेच.

तर लहरी वेगळ्या असतात का? आधी एक गोष्ट पक्की करा: ‘पॅरॉक्सिस्मल’ आणि ‘परसिस्टंट’ ही नावं कॅलेंडरवरून पडलेली आहेत. सात दिवसांच्या आत, आपोआप किंवा उपचाराने थांबलं तर पॅरॉक्सिस्मल. सात दिवसांपुढे चाललं तर परसिस्टंट. सलग वर्ष उलटलं आणि तरीही ताल परत आणायचा विचार असेल, तर दीर्घकालीन परसिस्टंट. ‘पर्मनंट’ हा शब्द तर लहरींचाही नाही आणि कॅलेंडरचाही नाही. रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून ‘आता ताल परत आणायच्या मागे लागायचं नाही’ असं ठरवलं की तो लिहितात. एकट्या १० सेकंदांच्या पट्टीकडे बघून “हे परसिस्टंट आहे” असं कोणी छातीठोक म्हणाला, तर त्याने रुग्णाची हकीकत आधी ऐकलेली असते. तुमच्या वडिलांच्या फाइलवरचा शब्द दहा दिवसांच्या अंतराच्या दोन कागदांमुळे आला. आणि खरं सांगायचं तर तोही थोडा अंदाजच आहे. मधल्या आठवड्यात ताल येऊन पुन्हा गेला नसेलच, असं ते दोन कागद सांगत नाहीत. मात्र मधल्या दिवसांत तुमच्या आईने किंवा कोणी रोज नाडी बघितली असेल आणि ती रोज वेडीवाकडीच लागली असेल, तर तो शब्द बरोबर.

पण लहरींत काहीच फरक नसतो असंही नाही. व्ही-वन हे लीड बघा, उरोस्थीच्या उजव्या कडेला लावतात ते. उजवा वरचा कप्पा तिथून सगळ्यात जवळ, म्हणून एफ लहरी तिथे ठसठशीत दिसतात. फिब्रिलेशन नवं असेल तर या लहरी बहुधा जरा मोठ्या आणि संथ असतात, सेकंदाला पाचाच्या आसपास. म्हणजे मोठ्या चौकोनाला साधारण एक लहर. काही सेकंद तर त्या इतक्या एकसारख्या दिसतात की फ्लटरचा, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या वेगवान पण एकसारख्या तालाचा, भास होतो. महिनोन्‌महिने चाललेल्या फिब्रिलेशनमध्ये त्या वेगवान होतात, सेकंदाला सहा-सात, आणि वर्षं गेली की बारीकही होत जातात; शेवटी काही कागदांवर रेघ जवळजवळ सपाट दिसते आणि निदान केवळ काट्यांच्या बेतालपणावरून करावं लागतं. एक मिलिमीटर किंवा त्याहून उंच लहरींना आम्ही ढोबळमानाने ‘कोर्स’ म्हणतो, त्याखालच्या ‘फाइन’. आषाढात देवगडच्या बाहेरचा समुद्र आणि त्याच दिवशी खाडीत आतवर दिसणारं पाणी, असा काहीसा तो फरक.

यावर फार विसंबू नका. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत बरेच मिसळतात. संधिवाताच्या तापाने झडप आकसलेल्या एखाद्या तिशी-चाळिशीतल्या बाईचं फिब्रिलेशन वर्षानुवर्षांचं असूनही लहरी ढोबळ असतात, कारण तिचा डावा वरचा कप्पा फुगलेला असतो. शिवाय काटा आणि त्यामागची टी लहर एवढ्या मोठ्या असतात की मधल्या चिमूटभर जागेत एफ लहरी मोजाव्या लागतात. संशोधक म्हणून संगणकाकडे वळतात: पट्टीतून काटे आणि टी लहरी वजा करायच्या, उरलेल्या थरथरीत कोणती वारंवारता सर्वांत बळकट आहे ते काढायचं. ही वारंवारता कमी असेल तर झटका आपोआप थांबण्याची किंवा औषधाला दाद देण्याची शक्यता जास्त, असं दिसून आलंय. ज्यांना संगणकाची आवड आहे त्यांनी एमआयटी-बीआयएचचा (एमआयटी आणि बोस्टनचं बेथ इस्रायल रुग्णालय यांचा) फिब्रिलेशनचा नोंदसंच जरूर पाहावा. २५ जणांच्या प्रत्येकी सुमारे दहा तासांच्या नोंदी, सेकंदाला २५० नमुने, आणि बहुतेक सगळं येऊनजाऊन असणारं फिब्रिलेशन. त्यात ताल बिघडतो आणि सुधारतो ती जागा डोळ्यांनी पाहता येते. आमच्या तालुक्याच्या ओपीडीत मात्र ही वजाबाकी कोणी करत नाही, मीही नाही.

मला विचाराल तर येऊनजाऊन असणाऱ्या फिब्रिलेशनचा खरा पुरावा फिब्रिलेशनच्या कागदापेक्षा ‘नॉर्मल’ कागदावर जास्त असतो. कणकवलीचा तो ईसीजी पुन्हा काढा. लीड दोनमधली पी लहर किती रुंद आहे? तीन लहान चौकोन, म्हणजे ०.१२ सेकंद, भरत असेल आणि तिला दोन शिंगं असतील, तर वीज उजव्या कप्प्यातून डावीकडे जाताना रखडतेय. व्ही-वनमध्ये पी लहरीचा शेवटचा भाग रेघेखाली एक चौकोन खोल आणि एक चौकोन रुंद गेला असेल, तर डाव्या कप्प्यावर ताण आहे. वर्षानुवर्षांच्या ब्लडप्रेशरने हेच होतं. एखादा आगाऊ ठोका मागच्या टी लहरीच्या पाठीवर बसलेला असेल, तर मी त्याच्याभोवती पेनाने गोल काढतो. झटका बहुतेक वेळा अशाच ठोक्याने सुरू होतो. फ्रान्समध्ये बोर्दोच्या हायसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांत हे ठोके कुठून निघतात ते शोधलं. ६९ पैकी ६५ जागा फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या आत सापडल्या. आज अ‍ॅब्लेशन करताना, म्हणजे हृदयात नळी घालून बिघाडाची वाट तोडताना, त्या शिरांभोवती कडं आखतात, ते त्यावरूनच.

झटक्याची सुरुवात आणि शेवट बघायला होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी, लागतो, निदान २४ तासांचा. सुरुवातीला बघायचा तो आगाऊ ठोका. शेवट अधिक महत्त्वाचा, आणि तो बघायला लोक विसरतात. फिब्रिलेशन थांबतं त्या क्षणी हृदयाचा स्वतःचा मूळ पेसमेकर ताबडतोब जागा व्हायला हवा. तो म्हातारा झाला असेल तर रेघ दोन, तीन, कधी पाच सेकंद सपाट जाते आणि मग पहिली पी लहर येते. “धडधड थांबली की डोळ्यापुढे अंधारी येते” असं रुग्ण सांगतो ते हेच. अशा माणसाला वेग कमी करायची गोळी नुसती वाढवत नेली तर तो विहिरीच्या काठावर पडायचा. त्याला बहुधा आधी यंत्राचा पेसमेकर बसवावा लागतो. मुक्कामी फिब्रिलेशनमध्ये हा शेवट पट्टीवर सापडतच नाही, म्हणून जुने कागद मोलाचे.

नकली फिब्रिलेशनबद्दलही सांगायला हवं, कारण आमच्या हवेत ते फार. मे महिन्यात घामाने इलेक्ट्रोड सुटतात आणि रेघ वरखाली पोहते. कंपवात असलेल्या आजोबांचा हात सेकंदाला चार ते सहा वेळा थरथरतो, नेमका एफ लहरींच्या वेगाच्या आसपास. तिथे काट्यांचं अंतर मोजा, ते समान असेल तर हृदय ठीक आहे. लाईट जाऊन इन्व्हर्टरवर काढलेल्या पट्टीत ५० हर्ट्‌झची दाट, एकसारखी किनार येते, तिला फिब्रिलेशन समजू नये. दमेकऱ्याच्या किंवा जुनाट खोकल्याच्या रुग्णात पी लहरी असतात पण तीन-चार वेगवेगळ्या आकारांच्या. मशीन त्याला बेधडक फिब्रिलेशन छापतं. फ्लटरमध्ये करवतीचे दात आणि बहुधा १५० चा ठाम वेग. मशीनच्या वरच्या कोपऱ्यात छापलेलं निदान मी शेवटी वाचतो. मनगटावरच्या घड्याळाचंही तसंच: ते आधी नाडीवरून शंका घेतं. निदानाला ईसीजीची पट्टी लागते, एका लीडची असेल तर निदान ३० सेकंदांची.

उलट बाजूही आहे. फिब्रिलेशन माहीत असलेल्या रुग्णाचे काटे अचानक घड्याळासारखे नियमित आणि संथ, मिनिटाला ४० वगैरे झाले, तर “ताल आला” म्हणून पेढे वाटू नका. पी लहरी दिसत नसतील तर नाकं पूर्ण बंद झालंय, किंवा वेग कमी करायची डिगॉक्सिनची गोळी जास्त झालीय. आणि तरुण माणसात रुंद काटे, बेताल, २०० च्या वर वेग, असं दिसलं तर नाकं चुकवून खाली जाणारी विजेची जन्मजात चोरवाट असू शकते. तिथे नाक्याचा वेग कमी करणारी नेहमीची औषधं घातक ठरतात. अशा रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात हलवायचं.

येणंजाणं मुक्कामात का बदललं? १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी बकऱ्यांच्या हृदयाला तारा जोडून फिब्रिलेशन पुन्हा पुन्हा सुरू केलं. आधी ते काही सेकंदांत थांबायचं. एक-दोन आठवड्यांनी बहुतेक बकऱ्यांत थांबेनासं झालं. फिब्रिलेशनच वरच्या कप्प्यांना फिब्रिलेशनची सवय लावतं. एफ लहरी वेगवान होतात त्याचं कारणही हेच. प्रत्येक पेशी पुढच्या निरोपाला लवकर तयार होऊ लागते. पुढे कप्पा फुगतो, त्यात धागे वाढतात. म्हणून आधीच्या पायरीवर गाठलेलं बरं. अ‍ॅब्लेशनचा गुण येऊनजाऊन असणाऱ्यात जास्त येतो, मुरलेल्यात कमी. विषय निघाला तर गोवा, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागेल. जाताना सगळे कागद आणि इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट न्या. थायरॉइडची तपासणी राहिली असेल तर आधी इथेच करा. घोरणं, दारू, जागरण यांची चौकशीही मी करतोच. गणपतीतलं जागरण आणि शिमग्यातली बाटली, दोन्ही ठिणगीचं काम करतात.

रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला कानासारखी एक खिशी असते. कप्पा नुसता वळवळला की तिथे रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की अंगावरून वारं जातं. फिब्रिलेशनमध्ये हा धोका सुमारे पाचपट. येऊनजाऊन असणाऱ्यात तो मुक्कामीपेक्षा थोडा कमी असतो, पण गोळी द्यायची की नाही ते त्यावर ठरवत नाहीत. वय, ब्लडप्रेशर, मधुमेह, आधीचा अर्धांगवायू, हृदयाचा अशक्तपणा, रक्तवाहिन्यांचे आजार यांवर ते ठरतं. तुमच्या वडिलांचं वय ६५ च्या पुढे आणि ब्लडप्रेशर, म्हणजे गणपतीच्या पहिल्या कागदावरच गोळीचा विषय निघायला हवा होता. अ‍ॅस्पिरिनवर भागत नाही. मात्र गोळी सुरू करण्याआधी किडनी, हिमोग्लोबिन आणि पूर्वीचा रक्तस्राव त्यांच्या डॉक्टरांनी पाहायला हवा.

इकोत झडप आकसलेली निघाली किंवा कृत्रिम धातूची झडप असेल तर मात्र वॉरफरीनच, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, तपासत राहणं आलं. झडप आकसलेली असेल तर तो २ ते ३ मध्ये ठेवायचा. वॉरफरीनवाल्यांना मी पावसाळ्याच्या तोंडी एक सूचना देतो. टाकळा, शेवगा, अळू खा, पण दर आठवड्याला सारखंच खा. श्रावणात रोज पालेभाजी सुरू झाली की आयएनआर खाली येतो, भाद्रपदात परत वर.

परसिस्टंट म्हटलंय म्हणून घाबरू नका. विजेचा शॉक देऊन ताल परत आणता येतो. फक्त त्याआधी किमान तीन आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे रक्त पातळ करायची गोळी एकही दिवस न चुकता हवी, म्हणून आज सुरू केली तरच शॉकचा विचार महिनाभराने करता येईल.

एक काम आजच करा. गणपतीचा आणि कणकवलीचा, दोन्ही कागदांचे मोबाइलवर स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि झेरॉक्स करून ठेवा. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. आमच्या दमट हवेत ट्रंकेत पडला की वर्षा-दोन वर्षांत पुसट होतो. आणि लॅमिनेट करू नका. एका गृहस्थांनी मोठ्या काळजीने आपल्या पहिल्या झटक्याची पट्टी लॅमिनेट करून आणली होती. मशीनच्या उष्णतेने सगळा कागद काळा झाला होता, आणि त्यांच्या फिब्रिलेशनची सुरुवात कधी झाली ते आम्हाला त्यांच्या बायकोच्या आठवणीवरून लिहावं लागलं.